ट्रान्सफॉर्मर टेबलावर होता

दत्तूने मला फसवलं. भागीदारी मोडताना अँप्लिफायर माझ्या वाट्याला आला — घासाघीस करून मीच तो मागून घेतला होता — आणि त्याने आतला चांगला आउटपुट ट्रान्सफॉर्मर काढून जळका बसवून दिला. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून लोक त्याचीच बाजू घेतील.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. स्वतःच्या हिमतीवर धंदा उभा करणाऱ्याला तेवढी फुरसतच नसते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मंडईमागच्या बोळात आमचं लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान. सायकलला कर्णे बांधून हडपसरपर्यंत लग्नं केली आम्ही. दत्तू माइकवर, मी मांडवाच्या पार टोकाला, शेवटच्या कर्ण्याखाली. तो विचारायचा, "आवाज येतोय का रे बाळ्या?" मी बोंबलायचो, "येतोय!" वऱ्हाड हसायचं... काय दिवस होते!

तर तो व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. वाटणीनंतर एका दुपारी उघडला. आधी सिरीजच्या बल्बवर लावला — म्हणजे सेटचा करंट बल्बमधून जातो. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो. पेटला. एक कंडेन्सर शॉर्ट होता, बदलला. बल्ब मंद झाला, तरी आवाज नाही. शॉर्ट परवडला, जळका वास तरी येतो. ओपन, म्हणजे कुठेतरी तार तुटलेली, तो नुसता गप्प बसतो. मीटर लावत लावत आउटपुट ट्रान्सफॉर्मरपाशी आलो, याच्यातूनच आवाज कर्ण्यात जातो... काटा हलेना. आतली तार तुटलेली. नीट बघितलं, तर तो आमचा ट्रान्सफॉर्मरच नव्हता!

रागाने तारा कापल्या, तो काढून टेबलावर ठेवला. ठरवलं — हा दत्तूच्या दारात आदळायचा आणि पुन्हा त्याचं तोंड बघायचं नाही. आणखी कुठे शॉर्ट नाही ना, हे बघायला सेट तेवढा पुन्हा चालू केला. माइक लावलेला नाही. कर्ण्याच्या तारा मोकळ्या, जमिनीवर.

आणि कर्ण्यातून दत्तू बोलला.

"आवाज येतोय का रे बाळ्या?"

"येतोय!" मी ओरडलो. सवयच ती... मग टेबलाकडे नजर गेली आणि मी सेटचा प्लग उपटला.

दुसऱ्या दिवशी मंडईत दत्तूची बायको भेटली. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "भावजी, काल दुपारी हे जेवता जेवता ओरडले, आवाज येतोय का रे बाळ्या! मग एकटेच हसले, डोळे पुसले. मिटलं का तुमचं भांडण?"

ट्रान्सफॉर्मर घेऊन तडक त्याच्या घरी गेलो. काल काय झालं, म्हणून विचारलं.

"आम्ही जेवताना काय बोलतो याची चौकशी करायला आलात?" दत्तू म्हणाला. मला, 'आलात'!

माझंही डोकं फिरलं. ट्रान्सफॉर्मर उंबऱ्यावर आदळला आणि निघालो. तेव्हापासून बोलणं नाही.

जाणकार म्हणतात, तापल्यावर तुटलेली तार जुळली असेल. अहो, तो टेबलावर होता!

दत्तू आता वाघोलीला मुलाकडे असतो, आणि हे मासिक वाचतो. दत्तू, ट्रान्सफॉर्मरचं नंतर बघू. तू हसलास कशाला? माझं उत्तर तुला ऐकू आलं होतं का? उडवाउडवी नको. हो की नाही, एवढं सांग.