मारोतरावांच्या नावावरचे कॉईन

“मॅडम, मी दोन बोकड विकले. तेबी ईदीच्या आधी, रोखीनं. त्याच्यावर बी नोटीस पाठवायलंय का सरकार आता?”

मारोतरावांनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. नोटीस बोकडांची नव्हती. तुम्ही वर्षभर ‘व्हर्च्युअल डिजिटल अ‍ॅसेट’ विकल्या, रिटर्न मात्र भरलं नाही, तेव्हा तुमची केस का उघडू नये याचं कारण दाखवा, असं तिच्यात होतं. व्हर्च्युअल डिजिटल अ‍ॅसेट म्हणजे सरकारी भाषेत क्रिप्टो. आणि मारोतरावांचा पसारा म्हणजे पिंगळीजवळची थोडी कोरडवाहू जमीन आणि शेळ्या. परभणीत सीए म्हणून इतकी वर्षं बसलेय, पण ही जोडी मी पहिल्यांदाच पाहत होते.

सोबत सून आली होती, शीतल. ती हळूच म्हणाली, “मॅडम, ते माझ्या कामाचे पैसे हायेत.”

शीतल परदेशातल्या एका गेम कंपनीसाठी चित्रं काढते. झाडं, दगड, जनावरं. कामं बारकी असतात. प्रत्येकाचे डॉलर बँकेतून मागवले तर बरेचसे चार्जेसमध्येच जातात, म्हणून कंपनी तिला कॉईन पाठवते. एक कॉईन म्हणजे साधारण एक डॉलर. तो आला की एक्स्चेंजवर, म्हणजे कॉईनची खरेदी-विक्री करून देणाऱ्या अ‍ॅपवर, ती विकते आणि रुपये करते. इथवर सगळं सरळ होतं.

घोळ खात्याचा होता. लग्न झालं की आपल्याकडे बाईचं निम्मं नाव बदलतं. शीतलचं आधार सासरच्या नावानं झालं होतं, पॅन माहेरच्याच नावावर राहिलं होतं. अ‍ॅपनं तिला दारातच अडवलं. मग त्या घरात नेहमी होतं तेच झालं. लाइटचं मीटर, गॅस, डेअरीचं खातं, सगळं मारोतरावांच्या नावावर, तर हेही त्यांच्याच नावावर उघडलं. शेळ्यांना पाला टाकता टाकता त्यांना मोबाइलसमोर उभं केलं आणि डोळे मिचकावायला लावले.

“मला वाटलं किसानच्या हप्त्याचं केवायसी हाय,” मारोतराव म्हणाले.

अ‍ॅपवर खातं ज्याचं, त्याच्याच बँकेत पैसे जातात. त्यामुळे सुनेची कमाई दर महिन्याला सासऱ्यांच्या खात्यावर जमा होत होती.

आता नियम सांगते. क्रिप्टो विकून जो नफा होतो त्यावर सरळ तीस टक्के टॅक्स. त्यातून फक्त खरेदीची किंमत वजा करता येते. शिवाय प्रत्येक विक्रीला एक टक्का आधीच कापला जातो. तो कापलेला एक टक्का पाहून कॉम्प्युटरनं ओळखलं की मारोतराव काहीतरी विकतात. खरेदी किती? रिकामं. म्हणजे आलेला सगळा पैसा नफा! पण शीतलनं कॉईन विकत घेतलेच नव्हते, ती तिची मजुरी होती. मजुरीवर नेहमीच्या स्लॅबनं टॅक्स लागतो, आणि तो थोडकाच बसत होता. मजुरी म्हणून धरलेली तीच रक्कम पुढे कॉईनची खरेदी किंमत, म्हणजे विकताना नफा जवळजवळ शून्य. हे मांडायला फॉर्ममध्ये धड जागा नाही. लोक या नियमाला शिव्या घालतात. मीही घालते, फक्त ऑफिसचं दार लावून.

“मग असं लिवा,” मारोतराव म्हणाले, “की माझं आधार कुनीतरी चोरून वापरलं.”

“लिहिते. मग पोलीस येतील. चोर कोण निघेल?”

त्यांनी सुनेकडे पाहिलं.

“मग माझेच पैसे हायेत म्हना.”

“तीस टक्के भराल? वर व्याज?”

“आन् तिसरं काय?”

“खरं सांगायचं. बाँडवर लिहून द्यायचं की ही कमाई सुनेची आहे.”

म्हातारा ताडकन उठला. “गावात काय म्हनतील? सुनेच्या जिवावर बसून खातोय? त्यापरीस ते काम बंद कर म्हनावं तिला. लय झालं कॉम्प्युटर.”

मला राग आला. पण माझ्याआधी शीतल बोलली. “मामा, काम बंद न्हाई व्हनार. टॅक्स किती बी येऊ द्या, मी भरीन. पर माझ्या नावावर भरीन.” आवाज चढलेला नव्हता. मारोतराव चप्पल घालून खाली निघून गेले.

मी ठरवलं, ही केस सोडायची नाही. कंपनीचे मेल, शीतलनं पाठवलेली चित्रं, कॉईन आल्याची तारीख आणि त्या दिवशीचा भाव, सगळं आम्ही दोघींनी ओळीनं लावलं. पोर्टलवर ‘ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे’ असा एक पर्याय असतो. तो निवडून शीतलचा पॅन टाकला. तिच्या नावानं अपडेटेड रिटर्न भरलं. हे रिटर्न मुदत चुकलेल्यांसाठी असतं, जादा टॅक्स घेऊन सरकार आपल्याला शहाणं होऊ देतं. राहिलं फक्त मारोतरावांचं अ‍ॅफिडेव्हिट. उत्तराची मुदत संपत आली तसे ते स्वतःच आले. सही केली. शीतल म्हणाली, ते दोन दिवस घरात जेवले नव्हते.

सुनावणीला आम्ही तिघं इन्कम टॅक्स ऑफिसात गेलो. अधिकारी तरुण होता, वाईट नव्हता.

“मॅडम, सिस्टिममध्ये कॉस्ट झिरो दिसते.”

“मजुरीला खरेदीची पावती कुठून आणू, साहेब?”

तो हसला. मग मारोतरावांकडे वळला. “काका, पैसे तुमचे नाहीत म्हणता. मग खात्यातून काढत कोण होतं?”

“मीच.”

“मग ते तुमचे कसे नाहीत?”

मारोतरावांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली.

“साहेब, मला शेळ्या राखता येतात. ही कॉम्प्युटरवर शेळ्या काढती, ते मला न्हाई जमत. गावाला मी सांगत आलो की माझ्या शेळ्यांवर घर चाललंय. खोटं हाय ते. घर सुनेच्या कमाईवर चाललंय. घ्या लिहून.”

शीतल खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. अधिकाऱ्यानं खरंच लिहून घेतलं.

पुढे नोटीस मागे घेतल्याची ऑर्डर आली. शीतलनं टॅक्स भरला, जादाचाही भरला, आणि पॅन दुरुस्त करून स्वतःचं खातं उघडलं. कापलेला एक टक्का मात्र मारोतरावांच्या पॅनवर अडकला तो अडकलाच. एक्स्चेंज म्हणतं नाव बदलता येत नाही, पोर्टल म्हणतं एक्स्चेंजला विचारा. मी अजून दोघांनाही लिहिते आहे.

माझी फी द्यायला शीतलनं पर्स उघडली तर मारोतरावांनी तिचा हात अडवला. “ऱ्हाऊ दे. नोटीस माझ्या नावची हुती.”

तेव्हापासून नवा क्लायंट आला की मी कागद नंतर मागते. आधी विचारते, घरात कमावतं कोण? आणि उत्तर देणाऱ्याकडे न बघता शेजारी गप्प बसलेल्या माणसाकडे बघते.