फवारणीचं औषध विकणाऱ्या मावशी

कोरेगावहून मिरजेला जाताना गाडीत शेजारी बसलेल्या मावशींचं फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. भाजक्या शेंगा सोलून निम्मे दाणे माझ्या हातावर ठेवत त्यांनी माझं काम विचारलं.

"एआयकडून कुणी विषारी शस्त्रं बनवायला शिकू नये, म्हणून नियम लिहितो," मी म्हणालो. "पण खरा अभ्यास करणारा अडायला नको, तिथंच घोडं अडलंय."

मावशी खळखळून हसल्या. "आरं, मी रोज इषच इकते की! आधी पीक इचारते, मग कीड. भावकीच्या भांडणात सख्खा दीर बाटली मागाय आला. पीक इचारलं, तर गप. न्हाई दिली."

मी वही काढून लिहिलं, 'आधी कारण विचारा.' मग न राहवून म्हणालो, "दीर रागावले असतील?"

"लय! वरीसभर बोलला न्हाई. आता दिवाळीला पयला फराळ त्याच्याच घरनं येतो."