पाचापैकी पाच

आत्मूकाका तांडेलांना आयुष्यात कुठलीच गोष्ट पसंत पडली नाही. रत्नागिरीत राहून ते हापूसला नावं ठेवत. हेदवीच्या दशभुज गणपतीला जाऊन आले आणि म्हणाले, "हात धा, पन गाऱ्हानं ऐकायला कान दोनच!" काकूंच्या आमटीवर तर चाळीस वर्षं एकच शेरा, "दम नाय."

अशा माणसाची पसंती मोजायचं काम ऐंशीच्या दशकात माझ्या नशिबी आलं. मी एका दवाखान्यात कारकून होतो. मुंबईहून एक संशोधक डॉक्टर चिनी झाडपाल्याच्या पुड्या आणि छापील तक्ते घेऊन आले. कॅन्सरचे रोगी हे औषध कितपत स्वीकारतात, ते त्यांना मोजायचं होतं. रोगी बरा होतो का, हा रकाना तक्त्यात नव्हता. मी विचारलं, तर म्हणाले, "तो विषय वेगळा."

काकांना घशाचा कॅन्सर होता. पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात टेकले होते, त्यामुळे काकूंची सगळी भिस्त त्या पुड्यांवर. रोज तासभर चुलीपुढे बसून त्या काढा उकळत. पण नियम असा, की ज्याची स्वीकृती पाचापैकी दोनच्या खाली, त्याच्या पुड्या बंद.

काकांच्या घरी जाऊन मी तक्ता उघडला. काका जन्मभर जहाजावर खलाशी होते. म्हणाले, "अरे मेल्या, चीनच्या बंदरात मी चारदा जाऊन आलो. तिथं पन मानसं मरतात. लिही शून्य."

"शून्य नाही काका. एक ते पाच."

"मग एक."

तेवढ्यात काकू पेला घेऊन दारात आल्या. धुराने डोळे लाल झालेले. काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पाच लिही. बेस औषद हाय."

डोळ्यांत पाणी येईस्तोवर त्यांनी घोट घोट करून पेला संपवला. काकू आत गेल्यावर मला दटावलं, "औषदाला एकच. बाकीचे चार उकळनारीचे. तिला बोललास तर याद राख."

तक्त्यात उकळणारीसाठी रकाना नव्हता. पाचही औषधाच्या नावावर गेले. संशोधक खूश झाले, काका 'आदर्श रुग्ण' ठरले आणि दीड महिन्यात गेले.

तेराव्यानंतर मी भेटायला गेलो. काकूंनी उरलेल्या पुड्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. म्हणाल्या, "आख्ख्या संसारात ह्यांना पसंत पडलेली ही एकच वस्तू."

मला राहवलं नाही. काकांची ताकीद मोडून सगळं सांगून टाकलं. काकू बराच वेळ डब्याचं झाकण लावत बसल्या. मग भिंतीवरच्या फोटोकडे बघून कडाडल्या, "मग तोंडावर सांगायला जीभ झिजली असती काय तुमची?"