मिठाच्या राशीवरचा हिरवा मुंडासा

"तो बगा, राशीवर चढला! हिरवा मुंडासा! धरा त्याला!"

कळव्याच्या मिठागराचा म्हातारा राखणदार असा ओरडत होता, की खाडीपलीकडे ठाण्याच्या तुरुंगातले कैदीसुद्धा दचकून उभे राहिले असतील. ती दुपार मी जन्मात विसरायचो नाही. मिठागरातून होडीने गोण्या पळवल्या जातात अशी खबर आल्यावरून मी दोन शिपाई घेऊन नुकताच बांधावर उतरलो होतो. ऊन एवढे, की एका शिपायाच्या मिशा करपल्याचा वास मला स्पष्ट येत होता. खोटे वाटत असेल तर त्या मिशांना विचारा.

शिपाई धावले आणि बांधावरून चाललेल्या एका कासाराला धरून घेऊन आले. डोक्यावर हिरवा मुंडासा, खांद्यावर बांगड्यांच्या माळा. गोण्या गेल्या होत्या, साक्षीदार तयार होता, मुंडासाही हजर. दुसरा फौजदार असता तर प्रकरण मिटवून जेवायला बसला असता. कासार रडला नाही. एवढेच म्हणाला, "साहेब, बेडी तेवढी घालू नका. बेडी पडलेल्या हातात कोणती बाई आपला हात देईल? उद्या लग्नघरी चुडा भरायचाय."

मी बेडी घातली नाही, पण सोडलेही नाही. पंचनामा करताना मात्र खटकले. रास सकाळीच सारखी केलेली. तिच्यावर एकही पाऊल उमटलेले नव्हते. म्हाताऱ्याची जबानी तर त्याहून विचित्र. चोराचा चेहरा नाही, पाय नाहीत. नजर जाईल तिकडे मुंडासा, आणि शेवटी तो विरघळून गेला. हे ऐकून मिशावाल्या शिपायाने रामरक्षा सुरू केली. भुताला कोणते कलम लावतात, ते माझ्या पुस्तकात नव्हते.

मग मिठागराच्या मुकादमाला बोलावले. लालभडक पागोटे घातलेला हा गृहस्थ, आपण सकाळपासून ठाण्याच्या बाजारात होतो, असे शपथेवर सांगू लागला. माझी एक रीत होती. संशयिताच्या डोळ्यांत बघायचे नाही, कपाळाच्या वर नजर रोवायची. खोटारडा आपणहून चुळबुळतो. मी भर उन्हात त्याच्या पागोट्यावर नजर रोवली. मुकादम मख्ख उभा. शेवटी वैतागून मी मान वळवून राशीकडे पाहिले, तर पांढऱ्या मिठावर हिरवा मुंडासा!

डावीकडे पाहिले, तो डावीकडे. डोळे मिटून उघडले, तरी तिथेच. मी शिपायांनाही त्या पागोट्याकडे टक लावायला लावले. दोघांनाही राशीवर हिरवे दिसले. रामरक्षेचा आवाज वाढला.

मी राखणदाराला विचारले, ओरडण्याआधी कोणाशी बोलत होतास?

"मुकादमाशी. शिव्या देत व्हता. तो गेला नि मी राशीकडं वललो."

"मग हे जबानीत का नाही सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं? रोजच देतो."

"आणि तू बघत कुठे होतास?"

"पागोट्याकडं. त्याच्या डोल्यांत कोन बगनार?"

बाजारात असलेला मुकादम मिठागरात शिव्या कशा देत होता, असे विचारताच मुकादम बोलू लागला. म्हाताऱ्याला खाडीकडे पाठ करून उभा ठेवायचा आणि मागे होडी भरायची, हा त्याचा डाव होता. तो त्याने कबूल केला, आणि संध्याकाळच्या आत गोण्यांसकट होडीही सापडली.

भर उन्हात लालाकडे टक लावली, की मग पांढऱ्यावर हिरवे दिसते; डोळ्याने दिला होता फक्त रंगाचा तो एक डाग. त्याच्याखाली माणूस बसवला, त्याला राशीवर चढवले, ते म्हाताऱ्याच्या डोक्याने. तेव्हापासून कोणी "डोळ्यांनी पाहिलं" म्हणाला, की त्याआधी तो काय पाहत होता, हे मी पहिल्यांदा विचारत असे.

कासार सुटला. मुंडासा काखोटीला मारून बोडक्यानेच लग्नघराकडे पळाला.

मी म्हाताऱ्याला जवळ बसवून सगळे समजावले. तेच पागोटे पुन्हा उन्हात धरून दाखवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले, राशीकडे पाहिले आणि म्हणाला, "असंल साहेब. पन मी पायला तो चोर हिरव्या मुंडाशाचाच."