मूकपटातली मोलकरीण

"काकू, चोवीसच्या स्पीडवर फाइल बनवून पाठवून द्या ना यार. क्लायंटला काय फरक कळणार?"

संदीप आमचा मॅनेजर. मूळचा नागपूरचा, माझ्या मुलाच्या वयाचा. इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूच्या आमच्या लॅबमध्ये जुन्या फिल्म्स डिजिटल करतात.

क्लायंट होत्या नव्वदीला टेकलेल्या डोरथीबाई. एका गाजलेल्या फ्रेंच कादंबरीवर हॉलिवूडने सुरुवातीच्या काळात मूकपट काढला होता, त्यातलं एक रीळ त्यांनी आणलं होतं. त्यात त्यांची आई मोलकरीण झाली होती. मालकीण शेवटच्या घटका मोजतेय, मोलकरीण जगमधून पाणी ओतते आणि रडते. एवढाच रोल. घरी त्याची व्हिडिओ टेप होती आणि दर थँक्सगिव्हिंगला सगळे ती बघून हसायचे.

"आई सांगायची, मी त्या दिवशी खरंच रडले होते," बाई म्हणाल्या. "तिच्यासमोर मीही हसायचे. एकदा मला ते नीट बघायचंय."

मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवत. सेकंदाला सोळा चित्रं, अठरा, वीस, जसा कॅमेरामनचा हात. बोलपट आले आणि चोवीस हा आकडा पक्का झाला. जुनी फिल्म त्या वेगाने चालवली की माणसं तुरुतुरु पळतात आणि रडणाऱ्या बाईचंही हसू येतं.

वेग कमी करायचा, पण किती? तो कॅमेरामन काही सांगायला येणार नव्हता. मला फ्रँक आठवला. मी नोकरीला लागले तेव्हाचा माझा सीनियर. तेव्हा फिल्म हातात धरायची, लाइट टेबलवर बघायची, कापून जोडायची. केमिकलचा वास घरापर्यंत यायचा आणि नवरा नाक मुरडायचा. आता खोलीत फक्त कॉम्प्युटरच्या पंख्यांची घरघर असते. मला तो वास अजून हवासा वाटतो. फ्रँक म्हणायचा, नटांकडे बघू नकोस, ते अ‍ॅक्टिंग करतात. पाणी कसं पडतंय ते बघ.

मी जगवर नजर ठेवली. वीसवर पाणी घाईत होतं. सोळावर पाकासारखं ओघळायला लागलं. अठरावर ते पाण्यासारखं पडलं.

"आता बोअर होतंय, काकू," संदीप म्हणाला.

"अरे, मरण आहे ते. डान्स नाही."

त्याने खांदे उडवले, पण अठराची फाइल कॅन्सल केली नाही.

डोरथीबाई मुलीला घेऊन आल्या. छोट्या थिएटरमध्ये आम्ही चौघंच. कोणी हसलं नाही. संपल्यावर बाई म्हणाल्या, "पुन्हा लावता?"

दुसऱ्यांदा त्या पुढे वाकून बघत राहिल्या. मग मुलीचा हात धरून म्हणाल्या, "ती डावा पाय जपून टाकतेय बघ. घरातही अशीच चालायची. टेपमध्ये हे कधी दिसलंच नव्हतं."

संदीप उठून त्यांच्यासाठी पाणी आणायला गेला.

फिल्मवरचे ओरखडे पुसायला आमच्याकडे सॉफ्टवेअर आहे. पडद्यावरची बाई कुणाची आई वाटते का, हे बघायला मात्र अजून क्लायंटलाच बोलवावं लागतं.