खिडकीबाहेरचा प्रॉम्प्टर

माझ्या नाकावर राग असतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. त्या दिवशी मात्र चिडायचंही त्राण उरलं नव्हतं. सकाळी कॉम्प्युटर लावला तर कंपनीचं चिन्ह आलं, गेलं, अन् मग नुसता काळा पडदा. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती. बंद करून परत लावला, तरी तेच. आदल्या दिवशी अपडेट चालू असताना लाइट गेली होती. पोंभुर्ण्याकडं लाइट जाणं ही काही बातमी नव्हे, म्हणून मी लक्षच दिलं नाही.

त्या काळ्या पडद्यामागं माझं नाटक होतं. आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेलं, अन् दुसरी प्रत कुठेच नाही. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव नाटकं लागतात. एका मंडळाच्या मालकानं माझं नाटक बघायचं कबूल केलं होतं. दुसऱ्या दिवशी ब्रह्मपुरीला जाऊन ते त्याच्या हातात द्यायचं; नाही दिलं तर तो दुसऱ्याचं घेणार. तसं तोंडावर बोलला होता.

आमचे हे त्याच नाटकांत कित्येक वर्षांपासून प्रॉम्प्टर आहेत. विंगेत बसायचं, नट अडला की पुढचा शब्द हळूच द्यायचा. घरी मात्र यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे आटलेल्या विहिरीतून पाणी शेंदायचं. दुपारी जेवले की खाटेवर डोळे मिटून पडायचे, अन् मी लिहिलेलं वाचून दाखवायची. मध्येच विचारायची, "झोपले का तुमी?" उत्तर नाही. त्यापेक्षा गाईला वाचून दाखवलं असतं तर तिनं निदान कान तरी हलवले असते.

माझी धाकटी नणंद एटापल्लीला शाळेत कॉम्प्युटर शिकवते. हा जुना डबा तिनंच लिनक्स टाकून मला चालू करून दिला होता. तिला फोन लावायचं ठरलं. पण आमच्या घरात रेंज नाही. ती मिळते मागच्या अंगणात, शेवग्याखाली. म्हणून हे खिडकीबाहेर शेवग्याखाली फोन कानाला लावून उभे, मी आत टेबलाशी, अन् सांगणारी एटापल्लीत. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार. त्यात यांचं इंग्रजी ए-बी-सी-डीपुरतं. म्हटलं, झालं कल्याण.

"कंट्रोल, ऑल्ट अन् एफ तीन. संगंच दाब," हे म्हणाले. आवाज अगदी विंगेतला. मी दाबलं. पांढरी अक्षरं आली अन् नाव विचारू लागली. नाव दिलं. पासवर्ड टाकायला गेले तर काहीच दिसेना.

"उमटून नाई राह्यलं," मी ओरडले.

"नाई उमटत. टाकत जा."

आत शिरल्यावर मी हट्ट धरला, आधी माझी फाईल आहे का ते बघायचं. "एल, एस, एन्टर," बाहेरून आलं. नाटकाच्या नावाच्या जागी नुसते ठोकळे. मी ते खिडकीतून ओरडून सांगितलं. यांनी फोनवर विचारलं, ऐकून घेतलं अन् सांगितलं, "ठोकळे म्हंजे फाईल हाये. तिथी मराठी दिसत नाई." पदरचं एक अक्षर जोडलं नाही. घाबरू नको, एवढंही नाही. बहिणीनं ते सांगितलं नसणार.

मग लांबलचक ओळ आली. एकेक अक्षर, कुठं जागा सोडायची, कुठं आडवी रेघ. मी चुकले की न चिडता मागचा शब्द परत द्यायचे. माझं बोट अडायच्या आत पुढचं अक्षर तयार. त्याचा अर्थ ना यांना कळत होता, ना मला. मी जन्मभर समोर सतरंजीवर बसून नाटकं पाहिली, टाळ्या नटांना वाजवल्या. हा माणूस आत काय करतो, ते मला त्या दिवशी कळलं. मला यांचा फार अभिमान वाटला.

अर्धवट राहिलेलं अपडेट पुरं झालं. आता फक्त रिबूट करायचं होतं. मी शब्द लिहिला, एन्टरवर बोट ठेवलं अन् तशीच बसले. दाबल्यावर परत काळाच पडदा आला तर?

"काऊन थांबली?"

"तुमच्या बहिणीले विचारा, कॉम्प्युटर नाई उठला तं काय करू?"

यांनी फोनकडं पाहिलं. "कटला," म्हणाले. आता यांना शब्द द्यायला कोणीच नव्हतं. हे खिडकीशी आले, गजाला धरून उभे राहिले, अन् त्याच हळू आवाजात म्हणाले, "मोहाचं झाड कोनाचं? जो राखते त्याचं, का जो येचते त्याचं?"

माझ्या नाटकाचं पहिलं वाक्य. मग त्याला म्हातारीनं दिलेलं उत्तर. मग तिच्या सुनेचं. मी तोंडात मारल्यासारखी ऐकत राहिले. एक शब्द इकडचा तिकडं नव्हता.

"नाई उठला तं मी सांगतो, तू लिही," हे म्हणाले. "दाब आता."

मी दाबलं. पडदा काळा झाला, जरा वेळ तसाच राहिला, अन् मग माझं नेहमीचं चित्र आलं. कोपऱ्यात नाटकाची फाईल, नाव चांगलं मराठीत. मी पदर डोळ्यांना लावून रडले, लाज कसली त्यात.

मालकानं नाटक घेतलं. झेरॉक्सला पाठवताना त्यानं विचारलं, "प्रॉम्प्टरसाठी एक कॉपी जास्तीची काढू नं?"

"त्याइले नाई लागत," मी म्हटलं.

हे शेजारी बसून चहा पीत होते. कोणी शब्द दिला नव्हता, म्हणून काही बोलले नाहीत.