सदैव हसतमुख?

वानखडे सर गेल्याचं मला फ्लेक्सवरून कळलं. कोथरूडला ज्या क्लासमध्ये ते इंग्रजी शिकवायचे, त्याच्याच दारावर टांगलेला. हार घातलेला फोटो आणि खाली, 'सदैव हसतमुख'. साफ खोटं. अकरावी-बारावीत मिळून मी सरांना एकदाच हसताना पाहिलंय.

सर अमरावतीकडचे. फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी ऑइलपेंटने एक चौकोन आखला होता. त्यात रोज एक शब्द, आणि तो आला कुठून ते. एके दिवशी लिहिलं, 'मेलन्कली'. म्हणाले, "ग्रीकमध्ये मेलास म्हणजे काळं, खोले म्हणजे पित्त. अंगात काळं पित्त वाढलं की माणूस खिन्न होतो, असं ते लोक समजत. तसं पित्त काही नसते बाप्पा... पण हा आजार आहे, एवढं तरी त्यांना कळत होतं."

"सर, मग कोकम सरबत घ्या!" मागून आवाज आला. वर्ग खिदळला. सरही हसले. तेच ते एकदा.

क्लासची पद्धत अशी, की दर महिन्याला पोरांनी शिक्षकांना मार्क द्यायचे, नाव न घालता. मी लिहिलं, 'सर डल आहेत. एनर्जी नाही.' लिहिताना फार हुशार वाटलं होतं. अशा चिठ्ठ्या साठल्या आणि संचालकांनी सरांची बॅच काढून त्यांना पेपर तपासायला बसवलं. डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, हे सरांनी सांगून पाहिलं. उत्तर मिळालं, "अहो सर, रोज टेकडी चढा. आणि जरा हसत चला, पालक बघतात."

पुढे मी आंदोलनांची पत्रकं लिहायला लागले. एक पत्रक तपासून घ्यायला सरांच्या घरी गेले, तेव्हा बोलून टाकलं, "सर, ती चिठ्ठी माझी होती."

"अक्षर ओळखतो मी तुझं. डल म्हणजे धार गेलेला. माझी धार गेली नव्हती गं..." आणि लाल पेनाने माझ्या पत्रकातली अर्धी विशेषणं उडवली.

मग एका सकाळी हार्ट अटॅक. शोकसभेत संचालक बोलायला उभे राहिले, "सरांची पॉझिटिव्हिटी..." मला राहवेना. "उदास दिसतात म्हणून तुम्ही त्यांना वर्गातून काढलंत," मी उभी राहून म्हणाले, "आणि त्यासाठी वापरलेली एक चिठ्ठी माझी होती. निदान आज तरी खरं बोला." कुणीतरी घाईघाईने मौन जाहीर केलं. सोयीचं असतं ते.

परवा मुद्दाम क्लासमध्ये गेले. वर्ग रिकामा. फळा रोज पुसला जातो, पण ऑइलपेंट निघत नाही. सरांचा चौकोन आहे तसाच. आत लिहिलं होतं, 'फीडबॅक आजच भरा.' मी ते तळहाताने पुसलं आणि खडूने लिहिलं, मेलन्कली. खाली, काळं पित्त. संचालक दारातून बघत होते.

बघू देत.